मिलिंद, तुझ्या व्हिडिओत माझा खटका वाजतो

मिलिंद, तुझा कॅमेरा चार दिवस माझ्या टेबलावर होता. पाच वर्षं मी ज्याच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघितलं, तो असा तुझ्याविना माझ्या स्टुडिओत येऊन बसेल असं कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मागितला मी तो कधीच नाही. एकदा फक्त, एटापल्लीच्या रस्त्यावर तू चहा सांगायला उतरलास तेव्हा, मी तुझ्या बॅगेची चेन उघडून तो बाहेर काढला, डोळ्याला लावला आणि तू वळलास तसा घाईनं आत कोंबला. चेन अर्धी उघडीच राहिली. तू आलास, चेन लावलीस, माझ्या हातात चहा दिलास आणि काही बोलला नाहीस. मला त्याचाही राग आला होता. दोन शब्द सुनावले असतेस तर बरं वाटलं असतं.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. लोक मला भेटायला येतात, कारण मूल गावात तुझा जोडीदार म्हणून सगळे मलाच ओळखतात. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलतात आणि मी मान डोलावतो. पण तुझ्याशी आता खोटं कशाला बोलू? मी तुझ्यावर जळत होतो. तुला पोचवायला जी गर्दी आली तिच्यातही मी डोकी मोजत होतो, यातली किती माझ्या वेळी येतील म्हणून. त्यातल्या अर्ध्या लोकांच्या लग्नाचे फोटो मी काढलेले, आणि रडत होते ते तुझ्यासाठी. चामोर्शीकडची एक बाई मला निरखत म्हणाली, "तुमी फोटोवाले ना जी? मिलिंदभाऊच्या संगं राहत होते थे?" मी हव म्हणालो. सत्तावीस वर्षं या धंद्यात काढली आणि माझी ओळख काय, तर मिलिंदभाऊच्या संगं राहणारा.

सुरुवातीला असं नव्हतं, हे तुलाही कबूल करावं लागेल. बल्लारपूरच्या स्टुडिओत आपण एकाच महिन्यात शिकायला लागलो. मालकानं माझ्या हाती फोटोचा कॅमेरा दिला आणि तुझ्या खांद्यावर व्हिडिओचं धूड ठेवलं. लग्नात मला खुर्ची मिळायची, आणि तुझ्या हॅलोजनपुढे डोळे मिचकावत लोक तुला शिव्या घालायचे. तेव्हा मला तुझ्याबद्दल वाईट वाटायचं. ते वाईट वाटणं फार सुखाचं होतं, मिलिंद. मग मोबाईल आले. ज्याच्या त्याच्या खिशात फोटो आला आणि लोक माझ्या तोंडावर म्हणू लागले, "फोटो त आमी बी काढतो जी, शूटिंग मस्त पाहिजे." माझा अल्बम कपाटात साड्यांखाली जायचा आणि तुझी पाच मिनिटांची फिल्म अहेरीच्या बाजारात भाजीवालीच्या फोनवर चालू असायची. तिला त्या नवरा-नवरीचं नावही ठाऊक नसायचं, पण तुझं असायचं.

त्यात तू हा कॅमेरा घेतलास.

माझा डीएसएलआर दहा वर्षांचा आहे. फोटोला आजही तो कुणाला हार जात नाही. व्हिडिओही होतो त्यात, पुस्तकात तसं लिहिलं आहे. पण व्हिडिओ चालू केला की आतला आरसा वर जातो आणि व्ह्यूफाइंडरमध्ये काळोख होतो. जन्मभर मी ज्या खिडकीतून बघत आलो तीच नेमकी बंद. मागच्या पडद्यावर बघावं तर मांडवाच्या उन्हात स्वतःचंच तोंड दिसतं. नवरी दोन पावलं पुढे आली की फोकस पुढेमागे डोलत राहतो, आणि तो सावरेपर्यंत नवरी निघून गेलेली असते. तुझा कॅमेरा एकदा चेहरा धरला की सोडत नाही. डोळ्याला लावून व्हिडिओ घेता येतो. म्हणून दोन वर्षं मी तुला एकच विचारत होतो, मीही असा घेऊ का? आणि तुझं उत्तर ठरलेलं होतं.

"घेऊ नको बे. तुहा कॅमेरा फोटोले झकास हाये."

स्वतः घेऊन बसलेला माणूस दुसऱ्याला घेऊ नको म्हणतो, याचा मी काय अर्थ लावायचा? मी लावला तो असा, की तुला जोडीदार हवा होता आणि बरोबरीचा नको होता.

मग चामोर्शीचं ते लग्न आलं. तुला त्याच दिवशी अहेरीला काम होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, व्हिडिओ पण मीच करतो, याच कॅमेऱ्यावर. तिपाई लावली, रेकॉर्डिंगचा लाल ठिपका दोनदा बघून घेतला. त्रिशरण-पंचशील झालं. नवरा-नवरी हार घेऊन समोरासमोर उभे राहिले. नवऱ्याचा हात वर गेला, नवरीनं मान जराशी तिरपी केली, आणि माझं बोट दाबलं गेलं. खटक. फोटो असा आला की मी जागच्या जागी खूश. माझ्या कॅमेऱ्यात व्हिडिओ चालू असताना खटका दाबला की फोटो निघतो आणि व्हिडिओ तिथंच बंद पडतो. हे मला चांगलं माहीत होतं, बोट मात्र सत्तावीस वर्षांचं जुनं. लाल ठिपका गेलेला मी पाहिलाच नाही. पुढची भाषणं, नवरीच्या आजोबांनी काठी टेकून उभं राहत दिलेला आशीर्वाद, पाठवणी, यातलं काही काही आलं नाही. आणि मी तिपाईमागे तासभर शहाण्यासारखा उभा होतो.

त्या घरी तोंड दाखवायला तू माझ्याबरोबर आलास. मी खाली मान घालून बसलो आणि तू बोललास. "बाबाजी, चुकलं आमचं," म्हणालास. आमचं. तू तर त्या दिवशी अहेरीला होतास. मग आजोबांना अंगणात खुर्चीवर बसवलंस, नातीला फोन लावून दिलास आणि तो आशीर्वाद पुन्हा बोलायला लावून शूट केलास. म्हाताऱ्याला मांडवात जे सुचलं नव्हतं तेही तो अंगणात बोलला. त्या घरानं आपल्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही. दुसरा कोणी असता तर मी त्याचे पाय धरले असते. तुझ्याबद्दल मला एवढंच वाटलं, की आता हा जन्मभर ऐकवणार.

आणि ऐकवलंसच. आठवडाभर ज्याला त्याला सांगत होतास, "अबे फोटोवाल्याचं बोट हाये थे, दाबल्याबिगर राह्यते काय?" लोक हसायचे. मीही हसायचो, आणि घरी येऊन बायकोवर, सुनंदावर, चिडायचो.

आपलं शेवटचं भांडणही त्या बोटावरूनच झालं. तू जायच्या वीसेक दिवस आधी, अहेरीच्या बाजारात, टपरीवर. मी फोनवर नव्या कॅमेऱ्याची सगळी माहिती उघडून तुझ्या नाकासमोर धरली.

"हे पाय. याच्यात व्हिडिओ चालू असला की खटका कितीबी दाब, फोटोच निघत नाई. बोट चुकाचा सवालच नाई."

तू शांतपणे वाचलंस. "म्हणूनच घेऊ नको."

"काऊन?"

"तू व्हिडिओ करशीन त फोटो कोण काढन?"

"तुले भेव वाटते, मिल्या. मी शूटिंग कराले लागलो त तुले कोण बलावन?"

तू कप खाली ठेवलास. माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा टपरीवाला पण चपापला होता. तू भडकशील असं वाटलं, भडकला नाहीस. "एक दिवस घरी ये. तुले एक चीज आयकवतो. मंग घे न कॅमेरा, मी अडवत नाई."

कॅमेऱ्याच्या भांडणात ऐकवण्यासारखं काय असणार, हे माझ्या डोक्यात आलं नाही. तू त्यानंतर तीनदा बोलावलंस. तिन्ही वेळा मी काम आहे म्हणून सांगितलं. एकदाही काम नव्हतं. तिसऱ्या फोनला तर मी खाटेवर पडून होतो आणि तुला म्हणालो, सिंदेवाहीला आलोय. तुझी माफी मागायची राहिली आहे, त्या टपरीवरच्या वाक्याची आणि या सिंदेवाहीची.

तू गेल्यावर सातव्या दिवशी रेखावहिनी स्टुडिओत आल्या. एका पिशवीत हार्ड डिस्क आणि खांद्याला तुझी बॅग. तू शूट करायचास आणि फिल्म त्या बनवायच्या, हे मला माहीत होतंच. त्या बसल्याही नाहीत.

"भाऊ, दोन लग्नं अर्धीच पडून हायेत. लोकं काई म्हणून नाई राह्यले, पण त्यायच्या घरचं कार्य हाये थे. माह्याच्यानं होत नाई. आवाज लावला की थे बाजूच्या खोलीत बोलून राह्यले असंच वाटते. तुमी करून देजा."

"देतो, वयनी."

"आन कॅमेरा बी तुमीच ठेवा. दुसऱ्याच्या हाती द्याले जीव होत नाई."

वहिनींचे डोळे सुजलेले होते, आणि मला आनंद झाला, मिलिंद. क्षणभरच झाला, पण झाला. बॅग मी दोन्ही हातांनी घेतली. त्या पायऱ्या उतरेपर्यंतही मला दम निघाला नाही, चेन उघडली. या वेळी पूर्ण.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून मी हेडफोन लावून बसलो. तुझ्या फिल्म मी शेकड्यानं पाहिल्या असतील, पण सगळ्या गाणं लावलेल्या. तुझं कच्चं शूटिंग, आवाजासकट, मी कधी बघितलंच नव्हतं. बघायची गरजही वाटली नव्हती. पहिलीच क्लिप हळदीची होती. नवरीची आई कसनुसं तोंड करून उभी, आणि कॅमेऱ्यामागून तू.

"ओ मामी, तिकडं कुठी पाहून राह्यल्या? जावई पळून नाई जात. त्याच्या गाडीची चाबी माह्यापाशी हाये."

बाया फिस्सकन हसल्या. मामी पदर तोंडाला लावून हसली. आणि त्या हसण्याच्या मधोमध आवाज आला, खटक.

तो माझा खटका होता. स्वतःची खोकल्याची उबळ ओळखावी तसा मी तो ओळखला. मामीचा तो फोटो माझ्याकडे आहे, त्या अल्बममधला सगळ्यात चांगला. पुढच्या क्लिपमध्ये पुन्हा तेच. तू कुणाची तरी खेचतोस, ताठलेले चेहरे सुटतात, आणि खटक. मध्येच तुझं चित्र जोरात हलतं. मांडवात मला वाटायचं, हा मुद्दाम माझ्या आड येतो, कितीदा तरी मनातल्या मनात तुला शिव्या दिल्या आहेत. चित्र का हलतं ते आता ऐकू आलं. "थांबा जी नवरदेव, वासूचा फोटो होऊ द्या, मंग घाला हार." आणि तू बाजूला सरकतोस. तुझं शूटिंग त्या तेवढ्या वेळापुरतं वाया जातं, नुसती मांडवाची कनात दिसते.

मी हेडफोन काढून ठेवले, पुन्हा लावले. मग मला राहवेना. हार्ड डिस्कमध्ये एटापल्लीचं ते सहा वर्षांपूर्वीचं लग्न शोधून काढलं.

कोणतं ते तुला सांगायला नको. माझ्या स्टुडिओत शिरल्याबरोबर समोरच्या भिंतीवर जो मोठा फोटो आहे, नवरदेवाच्या आजीचा, तो त्याच लग्नातला. बोळकं उघडून हसणारी, डोळे सुरकुत्यांत हरवलेले, तोंड झाकायला उचललेला हात अर्ध्यावर. त्या फोटोसमोर उभं करून मी तुला कितीदा म्हणालो असेन, "पाय, याले म्हणते फोटो. पाच मिन्टाची फिल्म लागत नाई." तू दर वेळी म्हणायचास, "हव बे, कबूल." येणाऱ्या गिऱ्हाइकाला मी सांगायचो की त्या एका क्षणासाठी मी अर्धा तास दम धरून बसलो होतो. ते खरंही आहे. बसलो होतो.

क्लिपमध्ये ती आजी बसलेली आहे. दगडासारखी. लोक येतात, पाया पडतात, तिच्या तोंडावरची सुरकुती हलत नाही. मग तुझा आवाज, तुझ्या त्या मोडक्यातोडक्या गोंडीत काहीतरी विचारणारा. मागून कोणीतरी तुझी गोंडी दुरुस्त करतं, पोरी हसतात, तू पुन्हा चुकीचंच विचारतोस. आजी तुझ्याकडे बघते आणि दोन वाक्यं बोलते. नवरदेवाचा काका हसू दाबत मराठीत सांगतो, "म्हणते, नवरदेवापेक्षा माहा बुढा सुंदर होता. पण मांडवातच झोपून गेला." अख्खा मांडव हसतो. आजीचं बोळकं उघडतं, हात तोंडाकडे निघतो.

खटक.

आणि त्यानंतर तुझा आवाज, हळू, "भेटला बे, वासू?"

"हं," मी म्हणतो.

तुझा तेव्हाचा कॅमेरा आजीवरून सरकून माझ्यावर येतो. मी पाठमोरा आहे, आपल्याच कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून चाललोय. तुझ्याकडे मी वळूनही बघत नाही.

मी रडलो. सुनंदा आतून धावत आली, तिला वाटलं शॉक लागला. आणि रडता रडता मी पुन्हा जळलो, मिलिंद. माझा म्हणून एकच फोटो होता, ज्याच्या जोरावर मी तुझ्यासमोर उभा राहायचो, त्यातही तू निघालास. बरं, तुला हे माहीत होतं. सहा वर्षं मी तुला त्या फोटोसमोर उभं करून टोचत होतो आणि तू हव बे, कबूल म्हणत होतास. तुझ्या जागी मी असतो तर संध्याकाळपर्यंत अख्ख्या बाजाराला सांगून मोकळा झालो असतो. एवढा मोठा मनाचा असायची तुला काय गरज होती? थोडा तरी कोतेपणा करायचास, म्हणजे मला तुझ्याशेजारी उभं राहायला जागा झाली असती.

काल अहेरीहून फोन आला. पुढच्या महिन्यातलं लग्न, आपल्या दोघांनाही सांगून ठेवलेलं. नवरीचे वडील चाचरत म्हणाले, "भाऊ, आइकलं आमी. वाईट झालं. पण शूटिंगचं कसं मंग? तुमीच करान काय दोन्ही?" तुझा कॅमेरा टेबलावर होता, चार्ज करून ठेवलेला. हव म्हणायला किती वेळ लागतो? मी म्हणालो, उद्या सांगतो.

आज सकाळी बॅग घेऊन वहिनींकडे गेलो. दोन्ही फिल्म दिल्या आणि जे ऐकलं ते सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या, पण नवं काही ऐकत असल्यासारख्या नाही.

"मले माईत हाये, भाऊ. आवाज काढून गाणं त मीच टाकत होती. त्यायच्या बोलण्यामांगून तुमचं खटक आलं नाई असं एक बी लग्न नाई. थे म्हणत, वासूले आयकवतो एक दिवस. म्हणत, आयकून जळन साला."

अकरा दिवसांत पहिल्यांदा त्या हसल्या, आणि त्याही तुझ्याच वाक्यावर.

मी बॅग त्यांच्यासमोर ठेवली. "वयनी, अहेरीची शूटिंग तुमी करा. तुमाले चालवता येते. मी फोटोच काढतो."

तुला ताप होता तेव्हा मूलमधली दोन लग्नं त्यांनी केली होती, आठवतं? तुझ्यापेक्षा हात स्थिर आहे त्यांचा, हे मी मुद्दाम लिहितोय. त्यांनी कॅमेरा काढला, पट्टा हाताला गुंडाळला, सोडला, पुन्हा गुंडाळला. मी त्या कॅमेऱ्याकडे शेवटचं बघून घेतलं. सोपं गेलं नाही. आणि नवाही मी घेणार नाही. तुझं म्हणणं मान्य केलं असं समज, पण तुझ्या तोंडावर कधी केलं नसतं.

"चालवन मी," वहिनी म्हणाल्या. "पण भाऊ, लोकाईले हसवन कोण?"

पाहू, म्हणालो आणि उठलो. दुपारी आरशासमोर उभं राहून तुझं ते चाबीचं वाक्य म्हणून बघितलं. सुनंदा म्हणाली, "तुमी बोलता त धमकी देल्यासारखं वाटते." तरी म्हणतोय. महिना आहे अजून हातात.

मग रेडियमवाल्याकडे गेलो. आजीच्या फोटोखाली सहा वर्षं एकच ओळ होती, छाया : वासुदेव. तिच्याखाली दुसरी ओळ कापून घेतली आणि आत्ता, हे लिहायला बसायच्या आधी, चिकटवली. हसवलं : मिलिंद. किती मोठं पाहिजे, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, वरच्या नावापेक्षा थोडं बारीक कर.

बरोबरीचं कर म्हणणं, तेवढं माझ्याच्यानं झालं नाही. ओळ सरळ लागली आहे, दारातूनही वाचता येते, पण अक्षर माझ्यापेक्षा बारीक आहे. तू बघितलं असतंस आणि म्हणाला असतास, हव बे, कबूल.